आतलं आत

माझ्या विरोधात बोलायची चिठ्ठी अवंतिकाच्या नावाची निघाली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मीही वाजवल्या. सगळी खोली टाळ्या वाजवत असताना एकट्यानंच हात मांडीवर ठेवून बसणं बरं दिसत नाही. त्यातून मी अध्यक्षपदाचा उमेदवार, म्हणजे उत्साह दाखवणं भाग. ही कालची गोष्ट. आज रविवार आहे, मी जबलपुरात, गोरखपूर भागातल्या एका कोचिंग क्लासच्या दुसऱ्या मजल्यावर जिन्यापाशी उभा आहे, समोरचं दार आतून लावलेलं आहे, आणि दारापलीकडे युवा उद्यम परिषदेच्या जबलपूर शाखेची खुली चर्चा सुरू आहे. तिला खुली चर्चा म्हणतात आणि ती दार लावून होते. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला बाहेर काढतात, म्हणजे बाकीच्यांना खुलेपणानं बोलता येतं. उमेदवार एक असो की पाच, प्रत्येकाच्या बाजूनं एकानं बोलायचं आणि विरोधात एकानं, चार-चार मिनिटं, असं परिषदेच्या घटनेत आहे. बाजूनं बोलायला कोणीही तयार असतं. विरोधात बोलायला कोणी आपणहून उठत नाही, कारण शहर मोठं असलं तरी ओळखी लहान आहेत, आणि आज ज्याला नालायक म्हटलं त्याच्याच गाडीवर मागं बसून रात्री घरी जायचं असतं. म्हणून चिठ्ठी. चिठ्ठी निघाली की ती माणसाची इच्छा राहत नाही, कर्तव्य होतं, आणि कर्तव्य म्हणून कोणाबद्दल काहीही बोललं तरी पाप लागत नाही. शिवाय बोलून झाल्यावर सगळे उजवा हात वर करून शपथ घेतात की आतलं आत राहील. या शपथेला आमच्याकडे फार मान आहे. परिषदेचे बाकी सगळे नियम आम्ही मोडले आहेत, पण हा एक नाही.

मी एकटाच उभा आहे. मतपत्रिकेवर दोन ओळी आहेत, एक ‘आल्हाद सालपेकर’ आणि दुसरी ‘इनमें से कोई नहीं’. म्हणजे लढत म्हटली तर माझी कोणाशीच नाही. मावळता अध्यक्ष तनय पुन्हा उभा राहणार होता, तो माझ्यापेक्षा उंच आहे आणि त्याच्याकडे ब्लेझर आहे, पण त्याला इंदूरला इंटर्नशिप मिळाली आणि तो ब्लेझरसकट गेला. जाताना मला म्हणाला, “भाई, अब तेरे लिए मैदान साफ है.” मैदान साफ होतं हे खरं. इतकं साफ की तिथं आपण काय करून राहिलो असं वाटावं. प्रचारासाठी अवंतिकानं घोषवाक्य काढलं होतं, ‘आल्हाद, क्योंकि और कोई नहीं’. आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो, मग ते पोस्टरवर छापलं, आणि छापल्यावर त्यातला विनोद कुठं गेला ते कळलं नाही. आता मतपत्रिका बघितली की वाटतं, मी स्वतःच दुसऱ्या उमेदवाराचा प्रचार करत फिरलो.

आतून अनिमेषचा आवाज येतो. अनिमेष पहिल्या वर्षाचा मुलगा, माझ्या बाजूनं बोलायला तो उठला आहे. त्याची माझी ओळख परिषदेच्या यंदाच्या मेळ्यात झाली, मी त्याला टेबल उचलायला मदत केली होती. “आल्हाद भैया बहुत सीधे हैं,” तो म्हणतो. “टेबल भी उठा लेते हैं.” मग बराच वेळ थांबतो. चार मिनिटं फार मोठी असतात, ती बोलणाऱ्यालाच माहीत. “और... समय पर आते हैं.” हे खोटं आहे, पण त्याला दुसरं काही सुचत नाही, आणि मला त्याचा राग येत नाही. मलाही सुचलं नसतं. गेल्या वर्षी याच परिषदेनं मेळ्यात नर्मदेच्या पाण्याच्या सुगंधाची अगरबत्ती विकायला काढली होती. कल्पना माझी होती. नर्मदेच्या पाण्याला वास कसला येतो हे कोणीच विचारलं नाही, मीही नाही. अगरबत्ती लावली की धुतलेल्या फरशीचा वास यायचा. एक म्हातारे गृहस्थ मात्र चार पुडे घेऊन गेले, म्हणाले, अगदी तसाच वास आहे. कसा, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या चार पुड्यांवर मी वर्षभर स्वतःला उद्योजक म्हणवून घेतलं.

जिन्यात भिंतभर फलक आहे, या क्लासमधून निवड झालेल्या मुलामुलींचा. प्रत्येकाचा चौकोनी फोटो, खाली नाव, त्याखाली कुठं लागला ते. तिसऱ्या रांगेत उजवीकडून दुसरा फोटो माझा आहे. खाली नाव अभिषेक नेमा, डाक विभाग. मी बारावीनंतर दोन महिने इथं येत होतो, तेव्हा प्रवेशाच्या वेळी दिलेला तो फोटो. अभिषेक नेमाचा बहुधा हरवला असेल आणि हाताशी मी असेन. पहिल्यांदा बघितलं तेव्हा खाली ऑफिसात जाऊन सांगितलं. मॅनेजरनं फलकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, “तो क्या दिक्कत है? अच्छा ही तो लिखा है.” खरंच काही दिक्कत नव्हती. आईला दाखवायला आणलं तर तिनं मोबाइलवर फोटो काढला, खालचं नाव कापलं आणि नागपूरच्या मावशीला पाठवला. मावशीचा फोन आला, अभिनंदन म्हणाली. मी थँक्यू म्हटलं. त्या दिवसापासून नागपूरच्या बाजूला मी डाक विभागात आहे. कधी कधी वाटतं, अभिषेक नेमा रोज सकाळी कुठंतरी टपालाची वर्गवारी करत बसत असेल आणि त्याला उगीचच उदास वाटत असेल, आणि ते उदास वाटणं माझं असेल, चुकून तिकडे गेलेलं.

अवंतिका अजून बोलायला उठलेली नाही. ती उठली की मला कळेल, कारण उठताना ती खुर्ची मागं सरकवते आणि मग पुन्हा पुढं घेते. तिचं घर चेरीतालला आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून आहे. तिचे आजोबा रेल्वेत होते, माझे दारूगोळ्याच्या फॅक्टरीत. तिचे बाबा केंद्र सरकारच्या ऑफिसात, माझे पुन्हा फॅक्टरीत. गणपतीत आम्ही एकाच नाटकात झाडं झालो होतो. परिषदेत मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे आम्ही काही बोललो की बाकीच्यांना वाटतं आम्ही त्यांच्याबद्दलच बोलून राहिलो. पुष्कळदा ते खरंही असतं. तिला पुण्याची नोकरी लागली आहे. लागून महिना झाला. तिनं अजून हो म्हटलेलं नाही. एका संध्याकाळी क्लासखालच्या पानटपरीपाशी तिनं मला म्हटलं होतं, “तू अध्यक्ष झालास न, तर मी उपाध्यक्ष होते आणि एक वर्ष थांबते. पुणं काही पळून नाही जाऊन राहिलं.” मी म्हटलं, “आणि नाही झालो तर?” ती म्हणाली, “तू एकटाच उभा आहेस रे, मूर्खा.” मग दोघं हसलो. ही एवढीच गोष्ट आहे. अध्यक्षपदाचं मला काही नाही. अध्यक्षाला एक शिक्का मिळतो, तोही तनय इंदूरला घेऊन गेला. पण थांब असं तिला म्हणायला माझ्याजवळ शब्द नाहीत, कधी नव्हते, आणि ही निवडणूक ते माझ्यावतीनं म्हणेल अशी मी व्यवस्था केली होती. सगळ्या शाखेनं गुप्त मतदान करून तिला थांब म्हणायचं होतं. मला फक्त बाहेर उभं राहायचं होतं.

चिठ्ठी निघाल्यावर काल संध्याकाळी आम्ही तिच्या अ‍ॅक्टिव्हावर नर्मदेकाठी तिलवाऱ्याला गेलो. तिलवाऱ्याला आम्ही नेहमी जातो, काही ठरवायचं असलं की, आणि तिथं जाऊन काहीच ठरत नाही. पुलावरून नागपूरचे ट्रक जात असतात. हा रस्ता इथं नागपूर रोड आहे, आणि नागपुरात कोणी विचारलं तर तोच जबलपूर रोड आहे; म्हणजे तो नेहमी समोरच्याच गावाचा असतो. शहरातून जो कोणी दक्षिणेला गेला तो या पुलावरूनच गेला, पुलावर सगळ्यांनी नदीत नाणं टाकलं, आणि मग बहुतेकांनी पुण्यात फ्लॅट घेतला. घाटावर पायऱ्यांवर बसल्यावर ती म्हणाली, “मी काय बोलू उद्या? तू सांग न.” मी म्हटलं, “चिठ्ठी तुझी निघाली.” “अरे पण माझ्याजवळ काही नाही तुझ्या विरोधात. मी चार मिनिटं काय करू, गाणं म्हणू?” मी म्हटलं, काहीतरी हलकं सांग. हस्ताक्षर वाईट आहे. इंग्रजी अडतं. “हे तर सगळ्यांचंच आहे,” ती म्हणाली, “स्वप्निल भैया म्हणतील, मुद्दे कच्चे आहेत.” स्वप्निल भैया आमचे निवडणूक अधिकारी, पाच वर्षांपूर्वीचे अध्यक्ष. विमा विकतात, पण रविवारी परिषदेत येऊन घटना वाचतात; घरी त्यांचं कोणी ऐकत नाही अशी वदंता आहे. कच्च्या विरोधावर ते चिठ्ठी पुन्हा काढायला लावतात. मग मी जरा पक्के मुद्दे शोधायला लागलो. तिला मदत म्हणून. मी म्हटलं, सांग की हा कोणाला नाही म्हणू शकत नाही, म्हणून सगळ्यांना याचं ‘नाही’ उशिरा कळतं. सांग की हा विनोद करतो ते समोरच्यानं दुसरं काही विचारू नये म्हणून. सांग की याला काही हवं असलं की हा बाजूला उभा राहून कोणी देतं का वाट बघतो, आणि दिलं नाही की म्हणतो मला नकोच होतं. बोलता बोलता मला रंग चढला. एखाद्या कामात आपला हात चांगला बसतो आहे हे कळल्यावर माणूस थांबत नाही. उजेड गेला, समोर पानांच्या द्रोणातले दिवे विकणारी बाई सामान आवरू लागली, तरी मी बोलतोच आहे, आणि अवंतिका गुडघ्यावर हनुवटी ठेवून पाण्याकडे बघते आहे. शेवटी ती म्हणाली, “बस कर रे.” मग, “हे सगळं तू कधी पाहिलंस स्वतःचं?” मी म्हटलं, “मेळ्यात. स्टॉलवर गिऱ्हाईक नव्हतं.” ती हसली नाही. ती हसली नाही हे मी रात्री गादीवर पडल्यावर पुन्हा पुन्हा आठवून बघितलं. हसली असेल, मला अंधारात दिसलं नसेल, असंही करून बघितलं.

खुर्ची मागं सरकली. पुढं आली. आत आता तिचा आवाज आहे, पण शब्द पोचत नाहीत, नुसती लय पोचते. अनिमेषचे शब्द पोचत होते आणि लय नव्हती. मी दाराला कान लावू शकतो. जिन्यात कोणी नाही, फलकावरचे सगळे निवड झालेले लोक आहेत आणि ते समोर बघताहेत. मी कान लावत नाही. हे सभ्यपणामुळं असेल असं मला वाटत नाही. बाबा म्हणतात, तपासणी चालू असताना मालानं हलायचं नसतं. बाबा फॅक्टरीत तपासणीला आहेत, आयुष्यभर त्यांनी पितळी नळकांडी गेजमध्ये घालून बघितली. गेजला दोन तोंडं असतात, एका तोंडात नळकांडं गेलं पाहिजे आणि दुसऱ्यात जाता कामा नये. दोन्हीत गेलं किंवा दोन्हीत अडकलं तर लाल पट्टा. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, लाल पट्ट्याचं मग काय करता? वितळवतात, म्हणाले. पण एक-दोन ठेवतात. नवीन पोरं भरती झाली की त्यांना दाखवायला, की बघा, खराब असं दिसतं. ते नळकांडं मग वर्षानुवर्षं तिथंच राहतं, सगळ्यांच्या हातातून फिरतं, त्याला सगळे ओळखतात. चांगली सगळी निघून जातात, म्हणाले, आणि फुटतात. तेव्हा मला ते नळकांडं सुखी वाटलं होतं.

आत ती थांबली. चार मिनिटं झाली असतील की नाही मला माहीत नाही. टाळ्या नाहीत. अनिमेषच्या वेळी टाळ्या होत्या. आत अशी शांतता आहे की पंख्याचा खटका ऐकू यावा, आणि मग कोणीतरी नाक ओढलं. फेब्रुवारी आहे, सर्दीचे दिवस आहेत. मग शपथ झाली असेल. मग कागदांची कुजबुज. दार उघडलं आणि स्वप्निल भैयांनी मला आत घेतलं, खांद्यावर हात ठेवून घेतलं, आणि तो हात त्यांनी काढलाच नाही. निकाल त्यांनी उभ्यानं वाचला. बहुमत ‘इनमें से कोई नहीं’ला होतं. मी हरलो. मी एकटाच धावलो होतो आणि दुसरा आलो. मी अवंतिकाकडे बघितलं. ती खिडकीतून खाली चौकात बघत होती, तिथं एक गाय दुकानाच्या पायरीवर चढायचा प्रयत्न करत होती आणि दुकानदार तिला फार आदरानं नको म्हणत होता. “लेकिन,” स्वप्निल भैया म्हणाले आणि त्यांनी घटना उघडली. अध्यक्षपद रिकामं राहिलं तर पराभूत उमेदवारांमध्ये ज्याला सर्वाधिक मतं असतील त्यानं योग्य अध्यक्ष मिळेपर्यंत काळजीवाहू म्हणून काम बघायचं. पराभूत उमेदवारांमध्ये सर्वाधिक मतं मला होती. आता टाळ्या झाल्या. मला गुच्छ दिला, तो जिंकणाऱ्यासाठी आणलेलाच होता. काळजीवाहू अध्यक्षाचं पहिलं कर्तव्य योग्य अध्यक्ष शोधण्यासाठी समिती नेमणं हे आहे, असंही घटनेत आहे. मी आभार मानले. काय म्हणालो आठवत नाही, पण लोक हसले, म्हणजे विनोद केला असणार.

उपाध्यक्षपदासाठी अवंतिकाचं नाव होतं. तिनं ते मागं घेतलं. उभी राहिली, खुर्ची मागं, पुन्हा पुढं, आणि म्हणाली, “मैं जून से पुणे में रहूँगी.” मग बसली.

घरी जाताना मी मागं बसलो होतो, हातात गुच्छ. शास्त्री पुलाच्या चढावर ती समोर बघतच म्हणाली, “तू सांगितलेलं मी काहीच नाही बोलले.” वारा होता, मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “काहीच?” “काहीच नाही.” “मग काय बोललीस?” तिनं पुढच्या ऑटोला हॉर्न दिला. “अवंतिका, सांग न यार. मी काही मनाला लावून नाही घेत.” “आतलं आत,” ती म्हणाली. “अगं मराठीत सांग, मराठीची शपथ कुठं घेतली?” एरवी ती हसली असती. तिनं गाडी चालवली. मी तिच्या हेल्मेटकडे बघत राहिलो. म्हणजे काल मी नदीकाठी बसून स्वतःला वीट वीट करून खाली उतरवलं ते सगळं वाया गेलं, आणि त्याखेरीज आणखी काहीतरी आहे. मला न सापडलेलं. तिला चार मिनिटांत सापडलं आणि सगळ्यांना पटलं.

घरी बाबांनी खोव्याची जलेबी आणून ठेवली होती. एकटाच उभा आहे म्हटल्यावर त्यांनी निकालाची वाट बघितली नव्हती. आई म्हणाली, “झाला का रे?” मी गुच्छ पुढं केला. “झालो,” म्हटलं. “काळजीवाहू.” बाबांनी जलेबीचा तुकडा तोडला, तो हातातच धरून ठेवला. “काळजीवाहू म्हणजे पर्मनंट नाही काय?” “नाही.” “मग चांगल्याला कोणाला निवडलं?” “कोणालाच नाही.” ते बराच वेळ जलेबीकडे बघत होते, ती काळी आणि जाड असते, आरपार काही दिसत नाही. मग त्यांनी ती माझ्या तोंडात घातली. “खा,” म्हणाले. “ताजी आहे.” आईनं गुच्छाचा फोटो काढला आणि मावशीला पाठवला. डाक विभागातून परिषदेचा अध्यक्ष कसा झाला हे मावशीनं विचारलं नाही.

त्यानंतर सगळे माझ्याशी चांगले वागू लागले. हे मी सांगतो तितकं साधं नाही. आधी वागत नव्हते असं नाही, पण आता सभेला गेलो की कोणीतरी उठून खुर्ची देतं. समोसे आले की पहिला मला. दीपा, जी हिशेब बघते आणि जिनं कधी मला नावानं हाक मारली नव्हती, तिनं एकदा विचारलं, “भैया, नींद ठीक से आती है न?” ते माझ्याकडे बघतात आणि मी बघितलं की दुसरीकडे बघतात, हळूच, पेशंटच्या खोलीतून बाहेर पडल्यासारखे. त्यांच्या सगळ्यांजवळ ती गोष्ट आहे, ती चार मिनिटं आहेत. तो इंदूरला गेलेला तनय सोडला तर शाखेतल्या प्रत्येकाला माझ्याबद्दल काहीतरी माहीत आहे जे मला माहीत नाही, आणि ते एवढं आहे की त्यांना मला समोसा द्यावासा वाटतो. मी अनिमेषला गाठून विचारलं. त्याचे डोळे भरून आले. “भैया, कसम खाई है,” म्हणाला, आणि मला एक टेबल उचलू लागला, जे कुठंच न्यायचं नव्हतं. मग मी रात्री स्वतःत शोधायचो. आरशात नाही, ते फार सोपं झालं असतं. मी जुन्या गोष्टी काढायचो, शाळेच्या, झाडं झालो होतो त्या नाटकाच्या, आणि प्रत्येक वेळी थोडं खराब काहीतरी सापडायचं, पण तेच ते आहे अशी खात्री पटायची नाही. अवंतिकाशी बोलणं कमी झालं. ती सामानाचं बघत होती. तिलवाऱ्याला आम्ही पुन्हा गेलो नाही, कारण ठरवायचं काही उरलं नव्हतं.

मेच्या शेवटच्या रविवारी सभा होती. त्याच संध्याकाळी अवंतिकाची बस. योग्य अध्यक्ष शोधणाऱ्या समितीनं कळवलं होतं की शोध चालू आहे. मग अनिमेषनं प्रस्ताव मांडला की अवंतिका दीदींना परिषदेतर्फे निरोप देण्यात यावा, आणि त्यांना सन्मानचिन्ह म्हणून भेडाघाटच्या संगमरवराचा लहान हत्ती द्यावा. हत्ती आणलेला होता, टेबलावर होता, सगळ्यांना दिसत होता. सगळे हो म्हणाले. स्वप्निल भैया म्हणाले, ऐसे नहीं. व्यक्तीसंबंधी प्रस्ताव आहे, खुली चर्चा झाली पाहिजे. संबंधित व्यक्ती बाहेर. अवंतिका हसत उठली, खुर्ची मागं, पुढं, आणि बाहेर गेली, दार लागलं. बाजूनं अनिमेष बोलला, छान बोलला, त्याला आता सवय झाली होती. विरोधासाठी चिठ्ठ्या टाकल्या. दीपानं एक उचलली, उघडली, आणि माझ्यासमोर ठेवली.

निरोप देण्याच्या विरोधात बोलायचं होतं. मला. कर्तव्य म्हणून. मी उभा राहिलो आणि आधी एक विनोद केला, हत्तीवर. कोणी हसलं नाही, सगळे नुसते वाट बघत होते. मग मी बोललो. हिंदीत बोललो, कारण ऐकणारे हिंदीचे होते. तिच्याशी ज्या भाषेत मी जन्मात बोललो नाही त्या भाषेत मी म्हटलं की या प्रस्तावाला माझा विरोध आहे. की हिला निरोप देऊ नये. की हिनं जाऊ नये. की गावात लोक पुष्कळ आहेत पण मी आतापर्यंत जे काही बोललो ते, परिषदेत, घाटावर, पानटपरीपाशी, ते सगळं हिला ऐकू जावं म्हणून बोललो, आणि ही गेली की मला बोलायचं कारण राहत नाही, आणि तरी मी उरलेलं आयुष्य बोलत राहीन, हे मला आत्ताच दिसतं आहे. आणखीही बोललो. स्वप्निल भैयांनी घड्याळ उलटं करून ठेवलं होतं. माझे मुद्दे अजिबात कच्चे नव्हते. बोलून झालं तेव्हा टाळ्या झाल्या नाहीत. पंख्याचा खटका ऐकू येत होता. कोणीतरी नाक ओढलं, आणि सर्दीचे दिवस नव्हते.

मग सगळ्यांनी उजवा हात वर करून शपथ घेतली. मीही घेतली. मग मतदान झालं, हात वर करूनच, आणि प्रस्ताव सर्वानुमते पास झाला. माझा हात आधीच वर होता.

दार उघडायचं काम काळजीवाहू अध्यक्षाचं. ती जिन्यात फलकासमोर उभी होती, तिसऱ्या रांगेकडे बघत. “हा तू आहेस न?” म्हणाली. “मी कधी बघितलंच नाही.” मी म्हटलं, “तो अभिषेक नेमा.” “छान दिसून राहिला,” ती म्हणाली, आणि मग, “पास झाला का माझा निरोप?” “झाला.” “विरोधात कोण होतं?” “मी. चिठ्ठी निघाली.” ती माझ्याकडे वळली. “काय बोललास?” मी तिच्याकडे बघितलं. जिन्यातून खालच्या चौकातला आवाज येत होता, कोणीतरी कोणाला तरी ऑटोत बसवत होतं आणि पोचल्यावर फोन करा म्हणत होतं. “आतलं आत,” मी म्हटलं.

ती आत गेली आणि मी तिच्या मागून. दीपानं उठून तिला खुर्ची दिली. अनिमेषनं समोश्यांची प्लेट तिच्यापुढं धरली, पहिली. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि तिनं बघितलं की दुसरीकडे बघत होते, हळूच. तिनं गोंधळून माझ्याकडे बघितलं, यांना काय झालंय असं. ती नजर मी ओळखली. चार महिने मी तीच घेऊन फिरलो होतो, समोश्याबरोबर. मी काही म्हणणार होतो, मराठीत, पण तेवढ्यात स्वप्निल भैयांनी हत्ती माझ्या हातात दिला, तो अंदाजापेक्षा जड निघाला, आणि तो तिला द्यायचं काम माझंच होतं.